अंगण, परसू आणि कुंडी : मराठी घरातील फुलझाडांचा इतिहास

महाराष्ट्रात आणि गोव्यात घराजवळ फुलझाडे लावण्याची रीत फार जुनी आहे. झाड कशासाठी लावायचे, हे मात्र गेल्या दोनशे वर्षांत पालटले. पूर्वी फुलझाड लावले जाई ते फूल तोडता यावे म्हणून. देवपूजा, वेणी-गजरा, सणावाराची पत्री आणि प्रसंगी घरगुती औषध, एवढ्या गरजा दारच्या पाच-सहा झाडांवर भागत. फूल झाडावरच राहू द्यावे, येता-जाता पाहावे, आणि एखादे झाड नुसत्या पानांसाठी सांभाळावे, ही आवड इंग्रजी अमदानीत रुजली. या पालटामागे लोकांची हौस होतीच, पण त्याहून मोठा वाटा तीन गोष्टींचा होता: घराची बांधणी, पाण्याची सोय आणि रोपे किंवा बी दूरवरून येण्याची वाट. कोणत्या काळी कोणती झाडे आली आणि त्यांतली कोणती टिकली, याचा उलगडा या तिन्हींच्या आधारे होतो.

घराला लागून असलेल्या बागेचे तपशीलवार जुने वर्णन वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त आहे. गृहिणीची कामे सांगताना तिने घराशेजारी वृक्षवाटिका राखावी, तिच्या मध्यभागी विहीर किंवा तळे खोदून घ्यावे, भाजीपाल्याचे वाफे करावेत, असे तेथे म्हटले आहे. लावायच्या झाडांची यादीही दिली आहे: कुब्जक नावाचा रानगुलाब, आवळा, मल्लिका म्हणजे मोगरा, जाई, कोरांटी, नवमालिका, तगर, नंद्यावर्त आणि जपा म्हणजे जास्वंद. यातली बरीचशी झाडे कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या परसात आजही सापडतात. यादीतली बहुतेक फुले पांढरी आणि सुवासिक आहेत, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. संध्याकाळनंतर उमलणारी, अंधारात वासाने जाणवणारी ही फुले दिवसाच्या देखाव्यासाठी लावलेली नव्हती. जास्वंद मूळची पूर्व आशियातली मानली जाते. ती या यादीत असणे म्हणजे परदेशी झाड घरबागेत सामावून घेण्याची सवय युरोपीय जहाजे येण्यापूर्वी कित्येक शतके होती, याचा पुरावाच आहे. चीनकडची शेवंती आणि अनंत, पश्चिम आशियातला सुगंधी गुलाब यांचीही गणना आज देशी फुलांतच होते.

झाडांच्या निगेचे शास्त्र ‘वृक्षायुर्वेद’ या नावाने ओळखले जाई. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्यावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा ग्रंथ सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यात कुणपजल नावाचे पातळ खत सांगितले आहे. प्राण्यांचे मांस, हाडे, शेण वगैरे शिजवून, कुजवून, पाण्यात मिसळून ते झाडाला घालायचे. ग्रंथ न वाचताही हे ज्ञान घरोघर होते. मासळी धुतलेले पाणी, तांदळाचे धुवण, चुलीतली राख, गोठ्यातले शेणखत हीच जुन्या घरबागेची खते, आणि ती विकत आणावी लागत नसत.

घरबागेची सर्वांत भरीव परंपरा कोकणात आणि गोव्यात घडली. तिथल्या घरांना पुढे अंगण किंवा खळे आणि मागे परसू असे. दोन्हींची कामे वेगळी आणि झाडेही वेगळी. पुढच्या अंगणात मध्यभागी तुळशीवृंदावन. अंगण सारवलेले आणि मोकळे ठेवावे लागे, कारण तिथेच भात झोडपायचे, मिरच्या-पापड वाळवायचे आणि लग्नाचा मांडवही तिथेच पडायचा. त्यामुळे अंगणाच्या कडेला, गडग्याला लागून जास्वंद, तगर, कण्हेर, अबोली अशी झाडे लागत. परसात न्हाणीचे सांडपाणी जिथे वाहून जाई तिथे केळ, अळू आणि कर्दळ. विहिरीच्या आसपास अनंत, मोगरा, सोनटक्का. थोडे दूर, पडलेली फुले वेचता येतील अशा मोकळ्या जागी प्राजक्त आणि बकुळ. सोनचाफा मोठा होतो, म्हणून त्याला कोपरा. सुरंगी तर सह्याद्रीच्या पट्ट्यातलेच झाड. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या फुलांचे वळेसर बाजारात येतात. वाडीत पोफळी-नारळाला रहाटाचे पाणी पाटाने जाई, त्याच पाटाच्या काठावर अबोली-शेवंतीचे वाफे तग धरत. सारांश, फुलझाडांसाठी वेगळे पाणी कोणी काढत नसे. घरचे किंवा वाडीचे पाणी जिकडे जाई तिकडे फूल फुले.

गोव्याच्या बागांतील झाडांची एक मोलाची नोंद सोळाव्या शतकातली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेटाचा काही भाग त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होता आणि तिथे त्याने बागही राखली होती. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात भारतातील औषधी आणि वनस्पतींवर संवादाच्या रूपाने लिहिलेले आहे. त्यात प्राजक्तावर एक प्रकरण आहे. रात्री उमलून पहाटे गळणाऱ्या फुलांमुळे त्याने या झाडाला ‘दुःखी वृक्ष’ म्हटले, आणि फुलांचे केशरी देठ केशरासारखे अन्नाला रंग देण्यासाठी वापरत असल्याचेही सांगितले. पुढे लिनिअसने प्राजक्ताला दिलेल्या शास्त्रीय नावात हेच ‘दुःखी वृक्ष’ आले आणि ते आजतागायत कायम आहे. युरोपीय शास्त्राच्या दप्तरात मराठी-कोकणी अंगणातले एक झाड इतक्या लवकर दाखल झाले, ही नोंद अभिमानाने सांगावी अशी आहे.

झाडांच्या निवडीवर सर्वांत मोठा अधिकार देवघराचा होता. गणपतीला लाल जास्वंद आणि दूर्वा, शंकराला बेल, धोतरा आणि पांढरी फुले, विष्णूला तुळस, देवीला शेवंती, अशा ठरलेल्या आवडीनिवडींमुळे घरात एकाच जातीची दहा झाडे लावण्याऐवजी दहा जातींचे एकेक झाड लावले जाई. श्रावणातली मंगळागौर, भाद्रपदातली हरितालिका आणि गणेशचतुर्थी यांना लागणारी पत्री मिळवायची तर डाळिंब, आघाडा, माका, कण्हेर, जाई, शमी अशी झाडे घरी किंवा निदान शेजारी असावी लागत. चातुर्मासात लाखोली वाहण्याचा नेम अनेक बायका करत. लाख फुले मोजून वाहायची तर रोज शेकड्यांनी फुले हवीत. प्राजक्त आणि तगर इतक्या घरांत का आढळतात, याचे एक कारण हे नेम आहेत. पावसाळाभर ही झाडे खाली सडा घालतात किंवा रोज नव्या कळ्या काढतात. फूल तोडण्याचेही नियम होते. सांजवेळी तोडायचे नाही, वास घेतलेले फूल देवाला चालत नाही, झाड ओरबाडायचे नाही. हे नियम धर्माच्या भाषेत सांगितले गेले, पण त्यांचा लाभ झाडांना झाला.

रोपे विकत घेण्याची चाल खेड्यात जवळजवळ नव्हती. फांदी मागून आणायची, आल्यागेल्याने मोगऱ्याचे दाबकलम न्यायचे, माहेरून येताना अबोलीचे बी किंवा शेवंतीचा फुटवा पदरात बांधून आणायचा, अशा रीतीने जाती गावोगाव पसरल्या. हा सगळा व्यवहार बायकांच्या हातात होता आणि त्याची लेखी नोंद कुठेच नाही, म्हणून इतिहासात त्याला जागा मिळालेली नाही. वास्तविक घरबागेचा खरा इतिहास हाच आहे. जी झाडे काडीने, फुटव्याने किंवा सहज जमणाऱ्या बियांनी वाढतात तीच गोरगरिबांच्या दारापर्यंत पोहोचली. ज्यांना कलमाची कला लागते ती मागे राहिली.

देशावर पावसाचे मान कमी, त्यामुळे बाग ही पाण्याची ऐपत असणाऱ्यांची गोष्ट होती. अहमदनगरची निजामशाहीतली फराहबाग, औरंगाबादला बीबी का मकबऱ्याभोवतीची चारबाग या राजेशाही बागा कालवे आणि नळ यांवर उभ्या राहिल्या. पेशवाईत पुण्याला पाणी मिळाले आणि शहराचा तोंडवळा बदलला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी हौद होते. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे पेशवाईच्या वैभवाची खूण आहे. हिराबाग, सारसबाग, रमणबाग, मोतीबाग ही नावे आज शाळा, मैदाने आणि रस्त्यांना चिकटून राहिली आहेत, पण ती मूळची बागांची नावे होत.

सामान्य वाड्यात एवढी चैन शक्य नव्हती. वाड्याचा पहिला चौक फरसबंदी असे. त्यात तुळशीवृंदावन आणि फार तर एखादे दगडी आळे. मागच्या चौकात किंवा परसात आड, त्याच्या काठी प्राजक्त, कण्हेर, केळीचा मोना. हौदाचे सांडणारे पाणी या झाडांना मिळे. कोकणातून पुण्यात आलेल्या कुटुंबांनी आपली आवड बरोबर आणली, परंतु कोरड्या हवेत आणि चुनखडीच्या जमिनीत जे तगले तेच उरले. अबोली आणि मोगरा तगले. सुरंगी मात्र घाटावर रुळली नाही.

सोळाव्या शतकापासून मराठी घरबागेत अमेरिकेतली झाडे येऊ लागली. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि ब्राझील, आफ्रिका, गोवा ही समुद्रवाट सुरू झाली. १५६५ पासून स्पेनची जहाजे मेक्सिकोतून फिलिपाईन्सला जाऊ लागली, त्यामुळे पूर्वेकडूनही एक वाट उघडली. काजू, पेरू, सीताफळ, अननस, मिरची यांची चर्चा नेहमी होते. त्यांच्याबरोबरच आलेल्या फुलझाडांकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. झेंडू आणि गुलछडी मेक्सिकोतली, गुलबक्षी, कर्दळ, पांढरा चाफा, बिट्टी, शंकासूर, कृष्णकमळ आणि गणेशवेल ही सगळी अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतली. सदाफुली मादागास्करची.

त्या काळी जहाजाचा प्रवास महिनोन्‌महिने चाले. डेकवर ठेवलेले जिवंत रोप खारे वारे, ऊन आणि पाण्याची टंचाई यांनी मरून जाई. म्हणून पहिल्या लाटेत आलेल्या झाडांकडे पाहिले की त्यांच्यात एक समान गुण दिसतो: झोपी गेलेल्या अवस्थेत टिकण्याचा. गुलछडीचा कंद कोरडा राहू शकतो. गुलबक्षीचे आणि कर्दळीचे बी खड्यासारखे टणक असते. झेंडूच्या वाळक्या फुलातच शेकडो बिया असतात. पांढऱ्या चाफ्याची तोडलेली फांदी कित्येक आठवडे सावलीत पडून राहिली तरी मातीत खोचताच जगते. या गुणांमुळेच ती समुद्र ओलांडून आली, आणि याच गुणांमुळे बंदरातून खेड्यात आणि खेड्यातून वाडीवस्तीवर विनासायास पसरली.

झेंडूचे उदाहरण तर विलक्षण आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर पेरला की तो बरोबर दसरा-दिवाळीला फुलतो. त्याला फार निगा लागत नाही, तोडलेले फूल दिवसभर ताजे राहते, आणि दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुले जपून ठेवली की पुढच्या वर्षीच्या बियांची सोय होते. सणाच्या तिथीशी आणि शेतकऱ्याच्या हाताशी इतके जुळलेले फूल दुसरे नव्हते. परिणामी, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इथे नसलेल्या या फुलाशिवाय आज दसऱ्याचे तोरण बांधता येत नाही. पांढऱ्या चाफ्याचेही असेच झाले. देवळाच्या आवारात त्याची वाकडी-तिकडी खोडे पाहून तो पुराणकाळापासून इथलाच असावा असे वाटते. पण जुन्या काव्यांतला चंपक म्हणजे सोनचाफा. पांढरा चाफा फार नंतरचा पाहुणा.

एकोणिसाव्या शतकात झाडे आणण्याचे काम सरकारी आणि संघटित झाले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून तिचे अधीक्षक होते. त्यांच्या काळात तिथली झाडे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने रंगवली. ती चित्रे आज एडिंबराच्या वनस्पतिबागेच्या संग्रहात आहेत. दरम्यान १८३० मध्ये ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. मुंबईत शिवडीला तिची बाग होती, पुढे त्या जागी दफनभूमी झाली. १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांची मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली. तिचे काम पुरे होण्याआधीच ग्रॅहम वारले आणि निम्मो या दुसऱ्या वनस्पती-अभ्यासकाने ते तडीस नेले. रानातल्या झाडांबरोबर बागेत लावलेल्या झाडांचीही नोंद तिच्यात असल्याने घरबागेच्या अभ्यासाला ती फार उपयोगी आहे.

सोसायटीची नवी बाग भायखळ्याला १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. हीच राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे गेली. त्याच वर्षी पुण्यात गणेशखिंडीची वनस्पतिबाग सुरू झाली. ती आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे असून २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पुण्याची एम्प्रेस गार्डन १८९२ पासून सोसायटीच्या व्यवस्थापनाखाली आहे. तिथे जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पुण्यातल्या बागप्रेमींचे वर्षाचे मोठे निमित्त असते.

या बागांतून घरोघर पोहोचलेल्या झाडांमागे एक साधा शोध होता. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये आढळले की बंद काचेच्या भांड्यातली ओल बाहेर जात नाही आणि आतले रोप पाणी न घालताही जगते. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपे लंडनहून सिडनीला सुखरूप गेली. मग आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि जी झाडे बी किंवा कंदाच्या रूपात प्रवास करू शकत नव्हती ती आता जिवंत येऊ लागली. क्रोटन, नेचे, शोभेचे पाम, ड्रसीना, कॅलेडियम ही पानशोभेची झाडे या दुसऱ्या लाटेतली. पहिल्या लाटेने अंगणात नवी फुले आणली होती. दुसऱ्या लाटेने पान हेच पाहण्याची वस्तू केली. क्रोटनला देवघरात काही काम नाही, वेणीत नाही, औषधात नाही. तरीही तो मराठी बंगल्याच्या दर्शनी भागात मानाने बसला.

या बदलाची जागा म्हणजे बंगला. पुण्याच्या लष्कर भागात, मुंबईत मलबार हिलवर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांच्या वस्तीत मोठ्या आवाराचे बंगले उभे राहिले. घर आवाराच्या मध्यात, भोवती चारी बाजूंनी बाग, फाटकापासून पायरीपर्यंत वळणदार रस्ता, समोर हिरवळ, मेंदीचे कातरलेले कुंपण, व्हरांड्यात ओळीने कुंड्या. जुन्या मराठी घराने अंगण आत घेतले होते, बंगल्याने बाग बाहेर मांडली. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ती दिसावी, असा तिचा बेत असे.

बंगल्याबरोबर बागेचे दुसरे पंचांगही आले. मराठी घरबाग मृगावर चाले. पाऊस सुरू होताच फांद्या खोचायच्या, बी टाकायचे, आणि भाद्रपद-आश्विनात फुले घ्यायची. इंग्रजी हंगामी फुलांना हे जमत नाही. पॅन्सी, फ्लॉक्स, अ‍ॅस्टर, स्वीट पी, डेलिया यांना थंडी लागते, आणि मुसळधार पावसात त्यांची रोपे कुजतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर बी पेरायचे, महिनाभराने रोपे लावायची, आणि नाताळ ते होळी फुलांचे ताटवे पाहायचे, असे नवे वेळापत्रक पुण्याने लवकर आत्मसात केले. इथली कोरडी, निरभ्र थंडी या फुलांना मानवली. मुंबईच्या दमट हवेत ती तितकी रमली नाहीत, तिथे पानांच्या झाडांनी बाजी मारली. गणेशखिंडीच्या बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांचे ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक याच अनुभवातून लिहिले गेले. बियांसाठी विलायतेवर अवलंबून राहण्याची गरजही हळूहळू कमी झाली. पुण्यात पेस्तनजी पोचा यांची बियांची पेढी १८८४ पासून होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आणि मुंबईच्या विलेपार्ल्यात मराठी मध्यमवर्गाने स्वतःचे छोटे बंगले बांधले. या घरांच्या बागा दोन्ही परंपरांच्या मिलाफाने सजल्या. पुढे फाटकावर बोगनवेलीची किंवा मधुमालतीची कमान, गुलाबाचा वाफा, दोन क्रोटन, पायऱ्यांवर नेच्यांच्या कुंड्या. मागे प्राजक्त, कढीलिंब, अळू, एखादा नारळ आणि बाजूला तुळस. पुढची बाग पाहुण्यांसाठी, मागची घरासाठी. झाडे मालकाच्या हौसेने आणली जात, फुले सकाळी परडी घेऊन आजी तोडत असे. मराठी घरबागेचा हा सर्वांत समृद्ध काळ होता असे म्हणायला हरकत नाही. एकाच आवारात इतक्या वेगवेगळ्या खंडांतली आणि इतक्या वेगवेगळ्या उपयोगांची झाडे त्याआधी कधी एकत्र नव्हती, आणि नंतरही जागेअभावी राहिली नाहीत.

या बागांतला मानकरी गुलाब होता. जुना गावठी गुलाब वासाचा, फिक्या गुलाबी रंगाचा, वर्षातून ठरावीक काळी भरभरून येणारा आणि काडीने वाढणारा. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा गुलाब निघाला. त्याच्यापासून हायब्रिड टी वर्गाची सुरुवात मानतात. मोठे, एकेका दांड्यावर येणारे, वर्षभर पुन्हा पुन्हा फुलणारे हे गुलाब काडीने नीट वाढत नाहीत. गावठी गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा भरावा लागतो: सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा काप द्यायचा, हव्या जातीचा डोळा आत बसवायचा, घट्ट बांधायचे, आणि डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकायचा. ही कला अवगत असलेला माळी शहरात भाव खाऊ लागला आणि फांदी मागून आणण्याच्या चालीला प्रथमच मोठा छेद गेला. नवा गुलाब हवा तर तो रोपवाटिकेतून विकत आणणे भाग होते. स्वातंत्र्यानंतर गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बी. पी. पाल यांनी भारतीय हवेत टिकतील अशा गुलाबांच्या आणि बोगनवेलींच्या जाती तयार केल्या.

बोगनवेलीचा प्रवास याच्या उलट. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल यांच्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेत, १७६७ च्या सुमारास, फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलमध्ये रिओजवळ आढळली. एकोणिसाव्या शतकात ती युरोपमार्गे भारतात आली. तिचा रंग फुलांचा नाही, फुलांभोवतालच्या कागदी पानांचा आहे. पाणी तोडले, मुळे आवळली गेली की ती जास्त बहरते. सोलापूर, नगर, मराठवाड्यातल्या कोरड्या आवारांत तिने जी जागा पटकावली ती याच स्वभावामुळे. लाल रंगाची ‘मिसेस बट’ ही जात १९१० मध्ये कोलंबियातील कार्ताहेनातून मिळाली. पांढरा आणि जांभळट गुलाबी असे दोन रंग एकाच झाडावर दाखवणारी ‘मेरी पामर’ १९४९ मध्ये कोलकात्यात निपजली.

मुंबईच्या चाळीत बागेला जागाच नव्हती. गॅलरीच्या कठड्यावर रॉकेलच्या किंवा तुपाच्या रिकाम्या डब्यात तुळस आणि फार तर एखादी गवती चहाची किंवा सदाफुलीची जोड. फुलांसाठी दादरचा फूलबाजार आणि दारावर येणारी फूलपुडी. घरातली पूजा चालू राहिली, पण तिचा दारच्या झाडाशी संबंध सुटला. वसई, पालघर, पुणे या भागांत फुलशेती वाढण्यामागे शहरातल्या या परसहीन घरांची रोजची गरज आहे.

फ्लॅटच्या बाल्कनीने बागेला पुन्हा थोडी जागा दिली, तीही बहुतेक वेळा ग्रिलमध्ये. इथे निवडीचे निकष पुन्हा बदलले. ऊन दिवसातून दोन-तीन तास, माती कुंडीपुरती, स्लॅबवर वजन नको, आणि घरची माणसे दिवसभर बाहेर. मनीप्लँट, स्नेक प्लँट, अरेका पाम, जेड ही झाडे या अटींत बसतात. मनीप्लँट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. त्याला फूल जवळजवळ कधीच येत नाही, तो सगळा काडीने वाढतो, आणि म्हणून फांदी मागून नेण्याची जुनी चाल त्याने एकट्याने जिवंत ठेवली आहे. शेणखताची जागा गांडूळखताने आणि मातीची जागा बरीचशी कोकोपीटने घेतली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून घरातल्या ओल्या कचऱ्याचे आणि पालापाचोळ्याचे झाडासाठी अन्न करण्याचा विचार मांडला. गच्चीवर बाग करणाऱ्या अनेकांनी तो उचलला.

शोभेसाठी आणलेल्या झाडांतली काही कुंपण ओलांडून गेली, हेही या इतिहासात सांगितलेच पाहिजे. घाणेरी १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पतिबागेत शोभेचे झुडूप म्हणून आली. आज सह्याद्रीच्या उतारांवर तिने गवताळ रानांचे आणि देशी झुडपांचे फार नुकसान केले आहे. जलपर्णी तळ्यातले सुंदर फूल म्हणून भारतात आणली गेली, आता ती मुळा-मुठेपासून पवनेपर्यंत नद्या झाकून टाकते. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर पसरणारा नारिंगी कॉसमॉसही बागेतूनच निसटला. ज्या गुणांनी पहिल्या लाटेतली फुले घराघरांत पोहोचली, म्हणजे भरपूर बी, कमी निगा आणि झटपट वाढ, त्याच गुणांनी ही झाडे रानाला जड झाली. त्यामुळे नवे शोभेचे झाड निवडताना ते किती बी टाकते आणि त्याचे बी वाऱ्याने किंवा पाखरांनी कुठे जाते, हे पाहणे ही आज बागकाम करणाऱ्याची जबाबदारी आहे.

सध्या घरबागेसाठी लागणारी बहुतेक रोपे पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन, सोरतापवाडी या भागातील रोपवाटिकांतून येतात. तिथे मागणी असेल तेच रोप तयार होते, आणि मागणी बहुधा मोठ्या फुलाला, ठेंगण्या झाडाला आणि वर्षभराच्या बहराला असते. जुना गावठी गुलाब, वासाचा एकेरी मोगरा, कुंद, पिवळी आणि पांढरी कोरांटी, जुन्या जातीची शेवंती ही त्यामुळे रोपवाटिकांत क्वचितच मिळतात. ती उरली आहेत जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या परसात, आणि ती घरे आज पुनर्विकासासाठी झपाट्याने पाडली जात आहेत. यंत्र आवारात शिरले की पहिले जाते ते परसातले झाड. म्हणून ज्यांचे जुने घर पाडायचे ठरले आहे त्यांनी एक पावसाळा आधी मोगऱ्याची दाबकलमे, गुलाबाच्या आणि कोरांटीच्या काड्या, शेवंतीचे फुटवे काढून कुंड्यांत लावावेत आणि शेजारीपाजारी वाटावेत. मोगरा आणि कोरांटी अर्ध्या दिवसाच्या उन्हातल्या बाल्कनीतही चांगली फुलतात.